चुकून आलेलं पाणी

साईनाथ रेडीजला लग्नाकार्यात एक प्रश्न मनापासून हवा असायचा. "तुम्ही नक्की काय करता?" हा प्रश्न एकदा विचारणारा माणूस पुन्हा कधी विचारत नसे, ही गोष्ट वेगळी.

"यंत्रं एकमेकांशी बोलतात ना," तो सुरू करायचा, "त्यांच्या भाषा मी जुळवून देतो." समोरचा एवढ्यावर मान डोलावून जिलबीकडे वळला तर सुटला. नाही वळला, तर साईनाथ त्याला कोपऱ्यात घ्यायचा. "मॉडबस म्हणून एक भाषा आहे. जुनी, पण अजून खणखणीत. नमस्कार नाही, चमत्कार नाही. अमुक नंबरच्या कप्प्यात काय आहे? शून्य. तिथे एक लिही. लिहिला. संपलं! पंप, व्हॉल्व्ह, मीटर, सगळी खालची मंडळी हीच बोलतात. आणि वर कंट्रोल रूममध्ये दुसरीच भाषा. तिला आम्ही एकशेचार म्हणतो. तिचं सगळं सरकारी. कोण बोललं, कधी बोललं, का बोललं, सगळी नोंद. मग या दोघींच्या मध्ये एक दुभाषी लागतो. त्या डब्याला गेटवे म्हणतात. त्या दुभाष्याला शिकवणारा जो माणूस, तो मी."

एकदा हे सगळं सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे वायरमनच की."

साईनाथ राहायचा कोपरला, तिसऱ्या मजल्यावर. बायको रसिका डोंबिवलीतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. त्याची कंपनी कोलशेतला होती. छोटीच, एका जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, खिडकीतून खाडी दिसणारी. तिथे त्याचा शब्द प्रमाण. नवीन इंजिनियर कामाला लागला की मालक, म्हणजे मितेशभाई, त्याला आधी साईनाथपुढे बसवायचे, आणि साईनाथ त्याला शून्याचं व्याख्यान द्यायचा. हे व्याख्यान कंपनीत प्रसिद्ध होतं.

"माणसं एकापासून मोजतात," तो फळ्यावर आडवी घरं काढत सांगायचा. "माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं कप्पा नंबर एक. पण तारेवर जो निरोप जातो, त्यात मॉडबस शून्यापासून मोजते. एक नंबरचा कप्पा हवा असेल तर शून्य मागायचा. तुम्ही एक मागितला तर ती निमूटपणे दोन नंबरचा देईल. भांडणार नाही, विचारणार नाही. या खड्ड्यात प्रत्येक नवशिका पडतो." मग खडू ठेवून, हात झटकून, "मी पडलेलो नाही," हे वाक्य तो जरा हळू आवाजात, नम्रपणे सांगायचा.

पाणी खात्याचं काम त्यांना मिळालं ते याच ख्यातीवर. टेकडीवरच्या मोठ्या टाकीतून निघणाऱ्या लाइनवर सात व्हॉल्व्ह होते, सात भागांना पाणी सोडणारे. आजवर ते हाताने फिरवायचे. आता प्रत्येकाला मोटर बसली होती, साती मोटरा व्हॉल्व्हघरातल्या एका पेटीला जोडल्या होत्या, आणि पेटीने कल्याणच्या कंट्रोल रूमचं ऐकायचं होतं. पेटी मॉडबस बोलणारी, कंट्रोल रूम एकशेचार बोलणारी. मधला दुभाषी साईनाथचा.

खात्यातर्फे हे काम बघायला कल्पिता ठोसर नावाच्या उपअभियंता होत्या. शांत बाई. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायची त्यांना वाईट सवय होती, त्यामुळे साईनाथ त्यांच्यासमोर अधिकच बोलायचा. चाचणीच्या आधी त्यांनी विचारलं, "रेडीज, प्रत्येक व्हॉल्व्हपाशी एकेक माणूस उभा करून बघायचं का? इथून बटण दाबायचं, तिथून तो फोनवर सांगेल, उघडला की नाही."

साईनाथ हसला. त्या हसण्याची आठवण पुढे कितीतरी दिवस त्याला अंघोळ करताना यायची.

"मॅडम, माणूस खोटं बोलेल," तो म्हणाला. "प्रोटोकॉल खोटं बोलत नाही. मी पूर्ण चाचणी आमच्या ऑफिसमधूनच करून देतो."

ती चाचणी अशी. खरी पेटी टेकडीच्या पायथ्याशी. कोलशेतच्या एसीमध्ये साईनाथने लॅपटॉपवर एक खोटी पेटी तयार केली, खऱ्यासारखं बोलणारी. तिला दुभाषी जोडला. बटण दाबलं, एक नंबर उघडला. दोन दाबला, दोन उघडला. सातही पास. म्हणजे पेपर त्यानेच काढला, त्यानेच सोडवला आणि त्यानेच तपासून पैकीच्या पैकी गुण दिले. उंटावरून शेळ्या हाकण्याचा याहून आरामशीर प्रकार ठाणे जिल्ह्यात तरी झाला नसेल.

उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले गेले, कार्यकारी अभियंता कुंडलिक शेलार साहेबांनी पहिलं बटण दाबलं. पडद्यावर एक नंबरचा व्हॉल्व्ह लालचा हिरवा झाला. टाळ्या. एक नंबर म्हणजे कोपरकडचा भाग. शेलार साहेब म्हणाले, "घ्या रेडीज, पहिलं पाणी तुमच्याच घरी सोडलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी साईनाथ डोक्याला शाम्पू लावून उभा असताना नळाने एक लांब सुस्कारा टाकला आणि तो गप्प झाला.

"रसिका! पंप लावायला सांग वॉचमनला!"

"टाकीच रिकामी आहे म्हणतो तो. काल रात्रीपासून पाणी आलेलं नाही."

"येणार कसं नाही? मी सोडलंय."

टॉवेल गुंडाळून, डोक्यावर फेस घेऊन तो जिन्यात आला. जिन्यात बिल्डिंगची निम्मी माणसं होती. सोसायटीचे सेक्रेटरी सीताराम वारंग, निवृत्त पोस्टमास्तर, खालच्या टाकीत डोकावून वर आले होते. साईनाथने मोबाइल पुढे केला. खात्याचा पडदा त्याला मोबाइलवर दिसायचा.

"हे बघा. एक नंबर. हिरवा. म्हणजे उघडा आहे. पाणी सुटलेलं आहे. आपल्या बिल्डिंगच्या पाइपातच काहीतरी अडकलंय."

"पण शेजारच्या बिल्डिंगलापण नाहीये," कुणीतरी म्हणालं.

"मग त्यांच्यापण पाइपात अडकलंय."

वारंग काकांनी चष्मा वर करून मोबाइल नीट पाहिला. मग बाजूची बादली उचलून त्याच्या हातात दिली. "एक काम करा, रेडीज. मोबाइल तिरका करा आणि ही खाली धरा."

साईनाथ डोळ्यांत शाम्पू गेल्यामुळे रडत घरात आला, असं त्याने रसिकाला सांगितलं. रसिकाने पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या त्याच्या डोक्यावर उपडा केला आणि टॉवेलने पुसत म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण इतकी शब्दशः खरी झालेली मी आजच बघितली."

कल्पिता मॅडमचा फोन आला, की कोपरहून तक्रारी येताहेत. साईनाथने पाइपात हवा अडकण्याविषयी पाच मिनिटं माहिती दिली. त्या म्हणाल्या, "आणि चार नंबरला काय झालंय? व्हॉल्व्ह बंद दाखवतोय, पण पुढच्या पाइपात पाण्याचा दाब चढलेला दिसतोय." साईनाथ म्हणाला, "दाबाचं मीटर खराब असणार, मॅडम. नवीन आहेत ना ती. मी मीटरवाल्यांना झापतो." आणि त्याने खरोखर त्या बिचाऱ्यांना फोन करून झापलं.

कोपरला टँकर आले. रसिका बादल्या घेऊन रांगेत उभी राहिली आणि रांगेतल्या बायकांना तिने आपला नवरा काय करतो हे अजिबात सांगितलं नाही.

त्यानंतर एका सकाळी कल्पिता मॅडमनी पुन्हा फोन केला. "रेडीज, उंबरखारचे लोक आलेत ऑफिसात. तुम्हाला भेटायचं म्हणतायत. गावात घेऊन जायचं म्हणतायत."

साईनाथच्या पोटात गोळा आला. उंबरखार म्हणजे चार नंबर. लाइनच्या अगदी शेवटी, चढावर वसलेलं आगरी लोकांचं जुनं गाव. पूर्वी यांची मिठागरं होती. पुढे जमिनींना भाव आला, गावाभोवती इमारती उठल्या, घरांना ग्रॅनाइट लागलं, पण नळाला पाणी नाही. 'चढ आहे, पाणी चढत नाही' हे खात्याचं उत्तर गावातल्या पोरांनाही पाठ होतं. ते लोक चिडले की काय करतात याच्या गोष्टी साईनाथने ऐकल्या होत्या.

"किती जण आहेत, मॅडम?"

"एक जीप भरून. माझ्या ऑफिसात गर्दी नको, तुम्ही जाऊन या."

जीपमध्ये तो मध्ये बसला, दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड माणसं. वाटेत कुणी काही बोललं नाही. गावच्या वेशीपाशी ढोल-ताशा वाजायला लागला तेव्हा साईनाथला वाटलं, आपल्याला गाढवावर बसवणार. मग गळ्यात हार पडला.

देवळासमोर मांडव. खुर्च्या. गावातले जाणते परशुराम भोईर, पांढरं धोतर, अंगावर जरीची शाल, पुढे आले. त्यांनी तीच शाल काढून साईनाथच्या खांद्यावर घातली.

"साहेब, यवरी वर्सां आमी खात्यान खेटे घातले. सगले सांगतान, चढ हाय, पानी चढत नाय. तुमी आले न तुमच्या मशिनीनं पानी चढवला. गावाला आज सकालभर पानी येतंय."

टाळ्या वाजल्या. साईनाथच्या पोटातला गोळा छातीपर्यंत चढला आणि तिथे त्याचा अभिमान झाला. इतक्या वर्षांत त्याच्या कामाला पहिल्यांदाच कुणी शाल घालत होतं. माइक त्याच्या हातात आला. कुणीही शहाणा माणूस दोन शब्द आभाराचे बोलून खाली बसला असता.

"मंडळी," साईनाथ म्हणाला, "यंत्रं एकमेकांशी बोलतात."

लोक ऐकत होते. लग्नातल्यासारखी इथे जिलबी नव्हती, त्यामुळे कुणी कुठे वळतही नव्हतं. तो रंगला. मॉडबस झाली, एकशेचार झाली, दुभाषी झाला. "आता मी तुम्हाला प्रत्यक्ष दाखवतो," असं म्हणून त्याने मोबाइल काढला. "इथे बसल्या जागेवरून मला दिसतंय, तुमचा चार नंबरचा व्हॉल्व्ह या क्षणी..."

या क्षणी चार नंबर लाल होता. बंद.

त्याने वर पाहिलं. मांडवाच्या कडेला, बोटाएवढ्या जाड धारेने, देवळाचा नळ वाहत होता. त्याखाली हंडा भरून वाहत होता. त्यामागे आणखी चार हंडे.

पुन्हा मोबाइल. तीन नंबर हिरवा. तीन नंबर म्हणजे हायवेलगतचे ते मोठाले टॉवर, ज्यांना सकाळभर पाणी असायचं. चार नंबर लाल. आणि चार नंबरच्या शेजारी तो दाबाचा आकडा, चढलेला. ज्याच्यावरून त्याने मीटरवाल्यांना झापलं होतं.

तीन मागितला, चार उघडला. एक मागितला, दोन उघडला. एक नंबरला हात कुणी लावलाच नाही, म्हणून कोपर कोरडं. सात मागितला तर आठवा, जो पुढे कधीतरी लागेल म्हणून पेटीत रिकामा ठेवलाय आणि जो कुणालाही 'उघडला' असं उत्तर देतो. कप्पे एकाने सरकलेले. कोलशेतच्या खोट्या पेटीलाही त्याने एकापासूनच मोजायला शिकवलं होतं, म्हणून तिथे सातही पास. प्रत्येक नवशिका ज्या खड्ड्यात पडतो, त्यात साईनाथ रेडीज हार घालून, ढोल-ताशाच्या गजरात उतरला होता.

"काय दिसतंय साहेब?" परशुराम काकांनी विचारलं.

"रेंज नाहीये," साईनाथ म्हणाला आणि बसला.

जेवण परशुराम काकांकडे होतं. तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण. त्यांच्या घरच्या, तुळसाकाकी, वाढत होत्या. साईनाथ भाकरीचा तुकडा नुसता कालवणात फिरवत होता. कप्प्यांचा हा सरकलेला आकडा मोबाइलवरून नाही, पण ऑफिसात पोहोचून पाच मिनिटांत बदलता येणार होता. एकातून एक वजा करायचा. संध्याकाळपासून सगळं जिथल्या तिथे, कुणाला पत्ताही लागला नसता. उंबरखारला पूर्वीसारखं तासभर सोडायचं, आणि ते पूर्वीसारखं पोहोचायचं नाही. 'चढ आहे' म्हणायला खातं मोकळं.

"जेवत का नाय र पोरा?" तुळसाकाकी म्हणाल्या. "तिखट झाला काय? न्हायतर आज कालवणाला पानी सोडायला मी कमी केला नाय हां. आज पान्याची चैन हाय." आणि त्या स्वतःच्याच बोलण्यावर हसल्या. मागच्या दारी त्यांची सून गोधड्या धूत होती. घरातल्या सगळ्या गोधड्या एकदम काढल्या होत्या. दोरीवर जागा नव्हती म्हणून कुंपणावर, जीपच्या बॉनेटवर, सगळीकडे ओल्या गोधड्या.

त्या गोधड्यांकडे बघून साईनाथने भाकरी खाली ठेवली.

"काका," तो म्हणाला, "हे पाणी मी आणलेलं नाही. म्हणजे आणलंय, पण चुकून. माझ्या हातून चूक झालीय. दुसऱ्यांचं पाणी तुमच्याकडे आलंय. ते आज बंद करावं लागेल."

साईनाथने शाल काढून घडी घालायला घेतली. घडी नीट बसेना.

परशुराम काकांनी हातातला घास ताटात ठेवला. मग त्यांनी विचारलं, "मशिनीनं पानी जोरान ढकलला, तसा काय नाय?"

"नाही काका. कसलाही जास्तीचा पंप नाही. टाकीतून जसं येतं तसंच आलं. फक्त वेळ जास्त मिळाला. टॉवरची वेळ तुम्हाला मिळाली."

"म्हंजे चढ व्हता तेवराच हाय."

"तेवढाच आहे."

"न पानी चढला."

"हो."

काका ताटावरून उठले. हात धुतले. सावकाश, भरपूर पाण्याने धुतले. मग म्हणाले, "मंग तू चुकला ना, त्ये बरा झाला. बंद कर आज. पन ही गोष्ट तुला साहेबांच्या म्होरं बोलाया लागंल. आमी बोललो त आमी अडानी. तू बोल, का पानी चढतंय."

कोलशेतला पोहोचेपर्यंत, साहेबांना सांगायचं की नाही याबद्दल साईनाथने तीन वेळा मन बदललं. मितेशभाईंनी न सांगणं आणखी सोपं केलं. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला आणि लगेच काढूनही घेतला.

"अरे साईनाथ, सुधारलंस ना? मग झालं! सांगायचं, नेटवर्कचा प्रॉब्लेम होता. नेटवर्क बिचारं कधी कोर्टात जात नाही. तू एक नंबरचा माणूस आहेस आपला. तूच म्हणालास मी शून्य विसरलो, तर बाकीचे काय म्हणतील?"

साईनाथने दुरुस्ती केली होती. संध्याकाळी रसिकाचा फोन आला, नळाला पाणी आलंय, वारंग काका पेढे वाटतायत. त्याला आनंद झाला नाही. डोळ्यांसमोर जीपच्या बॉनेटवरच्या गोधड्या येत होत्या. त्या आता वाळल्या असतील, आणि पुन्हा कधी धुतल्या जातील ते त्याने आत्ताच एका आकड्याने ठरवलं होतं.

घरी गेल्यावर त्याने रसिकाला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "लॅबमध्ये माझ्याकडून एकदा दोन बाटल्यांची अदलाबदल झालेली. मी लगेच सांगितलं. सांगितलं नसतं तर एका धडधाकट माणसाला उगीच गोळ्या चालू झाल्या असत्या. तुझं काय जाणार आहे? नाक? ते तसंही जरा मोठंच आहे."

शेलार साहेबांच्या दालनात बैठक झाली. कल्पिता मॅडम होत्या, मितेशभाई होते, दाराशी परशुराम काका आणि गावचे दोघे. साईनाथला वाटलं होतं आवाज कापेल. कापला. पण फळा समोर दिसला, खडू हाती आला, आणि साईनाथचा साईनाथ झाला. त्याने घरं काढली, नंबर घातले, एक आणि शून्यातला घोळ दाखवला. हे तेच व्याख्यान होतं. फक्त "मी पडलेलो नाही" या जागी "मी इथे पडलो" म्हणून त्याने खडूने एक गोल काढला. चूक कबूल करण्याचं पुण्य त्याच्या पदरी किती पडलं हे सांगता येत नाही, कारण कबुली देताना त्याला श्रोते मिळाल्याचा आनंदही लपत नव्हता. मितेशभाई छताकडे बघत होते.

"हे झालं तुमचं," शेलार साहेब म्हणाले. "उंबरखारचा काय संबंध?"

"साहेब, माझ्या चुकीमुळे चार नंबरला सकाळभर पाणी मिळालं. दाबाचे आकडे त्या दिवसांतले सगळे आहेत. ते बरोबर आहेत, कारण दाबाचे कप्पे मी शून्यापासूनच मोजले होते. तिथे चुकायचं राहून गेलं." कल्पिता मॅडमना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं. "पहिला तासभर दाब जवळजवळ शून्य. नुसती लांबलचक लाइन भरत राहते. ती भरली की मग दाब चढायला लागतो आणि पाणी गावात पोहोचतं. पण तिथे आपण नेहमी तासाभरातच व्हॉल्व्ह बंद करतो. पाणी वेशीपर्यंत जातं आणि आपण दार लावतो."

शेलार साहेबांचा चेहरा लाल झाला. उंबरखारला पाणी चढत नाही असं त्यांनी किती वेळा सांगितलं असेल याचा हिशेब दाराशी उभ्या असलेल्या तिघांकडे होता. पण साहेब लबाड नव्हते. जुनी बारीक लाइन होती तेव्हा ते उत्तर खरं होतं. मग मोठी लाइन पडली, आणि उत्तर तसंच राहिलं.

"टॉवरवाल्यांची या काळात तक्रार?" त्यांनी कल्पिता मॅडमना विचारलं.

"एकही नाही, सर. त्यांच्या खाली एवढ्या मोठ्या टाक्या आहेत, की त्यांना कळलंच नाही."

"रेडीज," साहेब थोड्या वेळाने म्हणाले, "तुमच्या कंपनीला मी ताकीद देणार आहे. कोपरच्या लोकांना तुम्ही पाण्यावाचून ठेवलंत आणि वर पाइपात हवा आहे म्हणालात."

"हो सर."

"आणि उंबरखारची वेळ वाढवा, कल्पिता. टॉवरची थोडी कापा. बोंब झालीच तर माझ्याकडे पाठवा."

परशुराम काका दारातूनच म्हणाले, "साहेब, आता चढ कमी झाला वाटतं." शेलार साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

पुढची चाचणी कल्पिता मॅडमच्या पद्धतीने झाली. त्या कल्याणला पडद्यासमोर, आणि प्रत्येक व्हॉल्व्हपाशी उभा राहणारा माणूस स्वतः साईनाथ. ऊन रणरणत होतं. एका चेंबरमध्ये उतरताना त्याचा पाय घसरला आणि तो गुडघाभर चिखलात बसला. फोनवर मॅडम विचारत होत्या, "रेडीज, दोन नंबर उघडतोय का?" आणि रेडीज चिखलातून सांगत होता, "उघडतोय मॅडम, माझ्या डोक्यापाशीच उघडतोय."

उंबरखारला नवीन वेळेने पाणी सुटलं त्या सकाळी त्याला परशुराम काकांचा फोन आला. मागे हंड्यांचा गलका चालू होता.

"साहेब, आजचा पानी बरोबर आयला का चुकून?"

"बरोबर आलंय काका."

"मंग बाय मानसांना सांगतो, घाई करू नका."

मितेशभाई त्याच्याशी आठवडाभर कामापुरतं बोलले. नव्या इंजिनियरांना शून्याचं व्याख्यान आता दुसराच कुणीतरी देतो आणि उदाहरण म्हणून साईनाथचं नाव घेतो. साईनाथ शेजारच्या टेबलावर बसून ते ऐकतो, आणि उदाहरणात काही तपशील चुकला तर दुरुस्तही करतो.

नंतर कंपनीला विठ्ठलवाडीकडे सांडपाण्याच्या पंपांचं काम मिळालं. पुन्हा तीच मॉडबस, तोच दुभाषी, फक्त पाणी काळं. मितेशभाई म्हणाले, "ऑफिसमधून करशील?" त्यांच्या आवाजात खोच होती. साईनाथ म्हणाला, "जाऊन येतो." रसिकाने त्याला गमबूट घेऊन दिले. पहिल्या दिवशी त्या वासाने त्याला डबा उघडवला नाही, आणि घरी आल्यावर रसिकाने कपडे दाराबाहेरच काढायला लावले. पण पंप सुरू होतो तेव्हा पायाखालची फरशी आधी थरथरते आणि आवाज मागून येतो, हे इतकी वर्षं पंपांशी बोलणाऱ्या साईनाथला तिथे उभं राहिल्यावरच कळलं.